हाताला गुण आहे, पण हात धुतलेत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांना १० वर्षं घराजवळच्या एकाच डॉक्टरांकडे नेतो. तिथे गर्दी असते आणि गुणही येतो. पण गेल्या महिन्यात गुडघेदुखीसाठी गोळ्या लिहून देताना त्यांनी बीपीच्या चालू गोळ्यांबद्दल विचारलंच नाही. आठवड्याभरात वडिलांच्या पायांवर सूज आली. डॉक्टर बदलावेत का? आणि वैद्यकातलं काहीच न कळणाऱ्या माणसाने एखादा दवाखाना चांगला आणि सुरक्षित आहे की नाही हे ओळखायचं कसं?

मी २८ वर्षं जनरल प्रॅक्टिस करतो आहे. मधल्या काळात ओळखीच्या डॉक्टरांनी बोलावलं म्हणून त्यांचे दवाखाने आतून पाहिले, त्यांचे केसपेपर चाळले, फ्रीज उघडून बघितले. त्यांनीही माझा दवाखाना तसाच तपासला, आणि त्यात मला लाज वाटावी असं बरंच निघालं. त्या अनुभवावरून लिहितो.

सुरुवात 'गुण येतो' या शब्दांपासूनच करू, कारण गल्लत तिथेच होते. आमच्याकडे येणाऱ्या आजारांपैकी बरेचसे आपापल्या गतीने बरे होणारे असतात. छातीत कफ होऊन सुरू झालेला साधा खोकलाच घ्या. तो सरासरी अडीच आठवडे टिकतो. लोकांची अपेक्षा मात्र आठवड्याभरात थांबावा अशी असते. म्हणून चौथ्या दिवशी एक डॉक्टर, नवव्या दिवशी दुसरे, पंधराव्या दिवशी तिसरे. अठराव्या दिवशी खोकला थांबतो आणि 'तिसऱ्यांच्या हाताला गुण आहे' असा बोलबाला होतो. असा तिसरा डॉक्टर मीही कित्येकदा झालो आहे आणि आयतं मिळालेलं श्रेय गुपचूप खिशात घातलं आहे.

गर्दीचंही तसंच. डॉक्टर जवळ आहेत, गोड बोलतात, लवकर मोकळं करतात, एवढंच गर्दीवरून कळतं. पदवी आणि नोंदणी खरी आहे ना हे एकदा जरूर तपासा, त्याला फार वेळ लागत नाही. पण ती खरी निघाली की तो विषय तिथेच संपला. भिंतीवरची प्रमाणपत्रं, गुळगुळीत फरशी, एसी यांवरून काहीही ठरवू नका.

मग बघायचं काय? 'आपलं चुकू शकतं' हे धरून हा दवाखाना चालतो का, एवढंच बघायचं. कुठलाही डॉक्टर चुकतो. सुरक्षित दवाखान्यात चूक लवकर सापडते आणि रुग्णापर्यंत पोचण्याआधी अडते. असुरक्षित दवाखान्यात ती फाईलमध्ये पडून राहते.

पोटदुखीचं उदाहरण देतो. अपेंडिक्सला सूज आली की सुरुवातीला बेंबीभोवती मोघम दुखतं, मळमळतं. दुखणं उजवीकडे खाली सरकायला कित्येकदा बारा-चोवीस तास जातात. पहिल्या दोन-तीन तासांत आलेला रुग्ण आणि साध्या अपचनाचा रुग्ण माझ्यासमोर जवळजवळ सारखेच दिसतात. तिथे कितीही हुशार डॉक्टर असला तरी तो छातीठोकपणे सांगू शकत नाही. एक डॉक्टर म्हणतो, "गॅस आहे, ह्या गोळ्या घ्या." दुसरा म्हणतो, "आत्ता तरी साधं वाटतंय, पण अपेंडिक्स सुरुवातीला असंच दिसतं. दुखणं उजवीकडे सरकलं, ताप आला, चालताना धक्का बसला की दुखायला लागलं, तर रात्र असली तरी थांबू नका. आणि तसं काही झालं नाही तरी उद्या सकाळी मला पोट पुन्हा दाखवून जा." निदान दोघांचं एकच, गोळ्याही कदाचित त्याच. तरी पहिल्याकडे रुग्ण 'डॉक्टरांनी गॅस सांगितलाय' म्हणून घरी दोन दिवस कळा सोसत बसतो आणि अपेंडिक्स फुटतं. दुसऱ्याचं निदान चुकलं तरी रुग्ण वाचतो.

म्हणून मी सगळ्यांना एक प्रश्न पाठ करायला सांगतो. चिठ्ठी हातात घेतल्यावर उठण्याआधी विचारायचं: "डॉक्टर, किती दिवसांत उतार पडायला हवा, आणि काय झालं तर लगेच यायचं?" उत्तरात नेमकी मुदत आणि नेमकी लक्षणं आली तर माणूस विचार करणारा आहे. तापाच्या लहान मुलाबाबत हे उत्तर साधारण असं असायला हवं: पाणी-दूध घेत नसेल, हाक मारूनही गुंगीतच असेल, श्वास भराभर चालत असेल किंवा छाती आत ओढली जात असेल, लघवी फार कमी होत असेल, अंगावर बोटाने दाबूनही न मावळणारे लाल-जांभळे ठिपके आले तर ताबडतोब. 'बरं वाटलं नाही तर या' हे उत्तर म्हणजे नुसता निरोप झाला. आणि प्रश्नानेच डॉक्टर चिडले, तर तेही एक उत्तरच समजा.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. साठीतला एक गृहस्थ थकवा येतो म्हणून आला. मी रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट शनिवारी दुपारी आला, कंपाउंडरने नीट फाईलला लावला आणि फाईल कपाटात गेली. मला वाटलं, तो रिपोर्ट दाखवायला येईलच. त्याला वाटलं, काही असतं तर डॉक्टरांनी फोन केला असता. साडेतीन महिन्यांनी तो धापा टाकत आला तेव्हा मी फाईल उघडली. पहिल्याच रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन बरंच कमी होतं आणि लोहाच्या कमतरतेकडे बोट दाखवणारे आकडे समोर होते. त्या वयाच्या पुरुषात लोह कमी झालं तर आतड्यातून रक्त जातंय का हे शोधावंच लागतं. मोठ्या आतड्यात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, तो वाचला, आजही भेटतो. पण ते साडेतीन महिने माझ्या नावावर आहेत.

यात अज्ञान कुणाचंच नव्हतं, निष्काळजी म्हणावं असंही कुणी नव्हतं. फक्त 'रिपोर्ट आला' आणि 'रिपोर्ट पाहिला' या दोन गोष्टींमध्ये कुणी उभं नव्हतं. तेव्हापासून आमच्याकडे एक वही आहे. पाठवलेली प्रत्येक तपासणी तिच्यात लिहायची, आणि पुढे तीन रकाने: आला, पाहिला, रुग्णाला सांगितला. रिकामा रकाना दिसला की आठवड्याच्या शेवटी फोन. कुणी हे संगणकावर करतं, माझं वहीवर भागतं. तुमच्या दवाखान्यात विचारा, "रिपोर्ट आल्यावर मला कोण कळवणार?" 'काही असलं तर कळवू' ही पद्धत धोक्याची आहे, कारण त्यात हरवलेला रिपोर्ट आणि चांगला रिपोर्ट यांत फरकच उरत नाही.

औषधांकडे वळतो. तुमच्या वडिलांचं नेमकं इथेच बिनसलेलं दिसतं. गुडघेदुखीच्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या, म्हणजे डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन वगैरे, अंगात मीठ आणि पाणी साठवतात. त्यामुळे पायावर सूज येते, बीपी चढतं. बीपीसाठी 'प्रिल' किंवा 'सार्टन' शेवट असलेली गोळी चालू असेल, सोबत लघवी वाढवणारी गोळी असेल आणि वर ही वेदनाशामक आली, तर या तिघींचा मेळ मूत्रपिंडाला महागात पडू शकतो, म्हाताऱ्या माणसात विशेष. हे आम्हाला माहीत असतंच. चूक होते ती चालू गोळ्या कोणत्या हे न विचारल्याने. सूज इतर कारणांनीही येते, बीपीच्या ॲम्लोडिपिनसारख्या गोळीनेही येते. त्यामुळे मी इथे बसून निदान करत नाही. पण काळाचा क्रम पाहता संशय घ्यायला जागा आहे.

औषधांच्या आणखी दोन चुका सांगतो, कारण त्या घरोघर होऊ शकतात. सांधेदुखीच्या काही आजारांत मेथोट्रेक्सेट देतात. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. समजुतीच्या घोटाळ्याने ती रोज घेतली जाऊन माणसं दगावलेली आहेत. म्हणून चिठ्ठीवर 'दर सोमवारी' असा वार लिहिलेला हवा. दुसरी चूक मुलांच्या तापाच्या औषधाची. अनेक ठिकाणी पॅरासिटामॉलचे थेंब सिरपपेक्षा कितीतरी पट तीव्र असतात. एका मिलिलिटर थेंबांत १०० मिलिग्रॅम असेल आणि कुणी त्यातलं 'एक चमचा' पाजलं, तर तान्ह्या बाळाच्या पोटात एकदम ५०० मिलिग्रॅम जातं. मुलांचा डोस वजनावर ठरतो, साधारण किलोमागे १५ मिलिग्रॅम. ज्या दवाखान्यात वजनकाटा धूळ खात पडलाय आणि डोस 'अर्धा चमचा, एक चमचा' असा सांगितला जातो, तिथे मी माझं नातवंड नेणार नाही. डोस मिलिलिटरमध्ये हवा, आणि मोजायला बाटलीबरोबरची टोपी किंवा सिरिंज.

ॲलर्जीची नोंद केसपेपरच्या पहिल्या पानावर, ठळक. बस, त्यावर जास्त बोलण्यासारखं नाही.

आता सुई आणि साबण. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टराने सहकाऱ्यांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावलं. त्या विभागात एप्रिलमध्ये बाळंतिणींचं मृत्युप्रमाण १८ टक्क्यांच्या वर होतं, जूनमध्ये ते २ टक्क्यांच्या आसपास आलं. तरी सहकाऱ्यांना ते पटलं नाही. आपल्या हातांनी माणसं मरतात हे कुणाला ऐकायचं असतं? आजही डॉक्टरला हात धुण्याची आठवण करून द्यायला रुग्ण कचरतो. मी माझ्या रुग्णांना सांगून ठेवलंय की विसरलो तर टोका. गेल्या दहा वर्षांत मोजून चौघांनी टोकलं. मी बाकी कधीच विसरलो नाही असा त्याचा अर्थ मुळीच नाही. पाहायचं ते एवढंच: आधीच्या रुग्णाला हात लावल्यावर आणि तुम्हाला हात लावण्यापूर्वी साबण किंवा सॅनिटायझर वापरला गेला का. हातमोजे घातले म्हणजे हे टळत नाही. एकच जोडी घालून चार रुग्ण तपासणं हे उघड्या हातांपेक्षा बरं नाही.

इंजेक्शनच्या बाबतीत मात्र संकोच करायचा नाही. सुई आणि सिरिंज दोन्ही नव्या, तुमच्यासमोर पाकीट फोडून. नुसती सुई बदलून तीच सिरिंज वापरणं सुरक्षित नाही, रक्ताचा न दिसणारा अंश सिरिंजमध्ये मागे येतो. दूषित सुई टोचल्यास एचआयव्हीची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते, हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजाराची वेगवेगळ्या अंदाजांनुसार ०.२ ते २ टक्के आणि लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीची ६ ते ३० टक्के. लोक एचआयव्हीला घाबरतात, पण खरा चिवट आहे तो बी. वाळलेल्या रक्तात, टेबलावर, तो सात दिवस तग धरतो. एकाच कुपीतून अनेकांना औषध देत असतील तर कुपीवर उघडल्याची तारीख असते का पाहा. साधारण नियम उघडल्यापासून २८ दिवसांचा. बनवणाऱ्याने कमी मुदत दिली असेल तर ती. वापरलेली सुई लगेच जाड, न टोचणाऱ्या डब्यात गेली पाहिजे. ती ट्रेमध्ये पडून राहत असेल किंवा कुणी हाताने टोपण लावत बसत असेल, तर त्या दवाखान्याने स्वतःच्या माणसांचीही काळजी घेतलेली नाही.

आणि सगळ्यात सुरक्षित इंजेक्शन म्हणजे न दिलेलं. जे काम गोळीने होतं त्यासाठी सुई टोचणं, तोंडाने पाणी पिता येत असताना 'ताकदीसाठी' सलाईन लावणं, सर्दीला अँटिबायोटिक देणं, ही कामं आम्ही डॉक्टर करतो हे खरं आहे. पण 'इंजेक्शन दिलं नाही तर बरं कसं वाटणार' असं म्हणून दुसऱ्या दारात जाणारे रुग्णही मी पाहिलेत. सर्दी विषाणूची असते, अँटिबायोटिक विषाणूला मारत नाही. त्यातून जुलाब, पुरळ मात्र होऊ शकतात. औषध नाकारून, का नाकारलं हे पाच मिनिटं समजावून सांगणारा डॉक्टर मिळाला असेल तर त्याला सोडू नका. लिहून द्यायला अर्धं मिनिट लागतं हो, समजावण्यात वेळ जातो. दोन दिवसांत जादूसारखं बरं वाटायला लावणारी बिननावाची पुडी किंवा सुटी गोळी मिळत असेल तर तिच्यात स्टिरॉइड आहे का असं स्पष्ट विचारा. स्टिरॉइड हे वाईट औषध नव्हे, पण ते न सांगता महिनोन्महिने देणं हा गुन्ह्याच्या जवळ जाणारा प्रकार आहे. आणि दीर्घकाळ चाललेलं स्टिरॉइड मनानेच एकदम बंद करणंही जिवावर बेतू शकतं.

इंजेक्शन देणाऱ्या, लस टोचणाऱ्या प्रत्येक दवाखान्यात ॲड्रेनालिन हाताशी हवं. औषधाची तीव्र प्रतिक्रिया येऊन बीपी कोसळतं, घसा सुजतो, तेव्हा मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलेलं ॲड्रेनालिन माणूस वाचवतं. प्रौढाला अर्धा मिलिग्रॅम. ॲलर्जीची गोळी किंवा स्टिरॉइडचं इंजेक्शन त्याची जागा घेऊ शकत नाही. एका दवाखान्यात मी हे औषध मागितलं तेव्हा ते कुलूपबंद कपाटात होतं आणि किल्ली जिच्याकडे होती ती बाई सुट्टीवर. मुदतही संपलेली. डॉक्टर उत्तम होते, निदानात माझ्यापेक्षा सरस. तुम्ही रुग्ण म्हणून कपाट उघडू शकत नाही, पण लस दिल्यावर १५ मिनिटं बसायला सांगतात का, हे तुम्हाला दिसतं. बसवत असतील तर पुढचा विचार केलेला असतो. लसींचा फ्रीज २ ते ८ अंशांत राहावा लागतो, त्यात तापमापक हवा आणि रोजची नोंद हवी. गरम झालेल्या लसीची सगळ्यांना धास्ती असते, पण हिपॅटायटिस बी किंवा त्रिगुणीसारख्या लसी गोठल्या तरी निकामी होतात, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. फ्रीजच्या दारात लसी आणि त्यांच्या शेजारी कुणाचा तरी डबा दिसला, की मी समजून जातो.

बीपी मोजण्यावरून तर मला दवाखान्याचा स्वभाव कळतो. जिना चढून आलेल्या माणसाला खुर्चीत टेकायच्या आत, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळून, त्याच्याशी गप्पा मारत घेतलेला आकडा कचऱ्यात टाकायच्या लायकीचा असतो. पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठीला आधार, हात हृदयाच्या पातळीला, तोंड बंद, आणि दोनदा मोजायचं. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर बीपी खोटंच जास्त येतं. अशा आकड्यावर जन्मभराची गोळी सुरू झालेली माणसं माझ्याकडे येतात.

ऐकण्याबद्दल थोडं. १९८४ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात डॉक्टर रुग्णाला सरासरी १८ सेकंदांत मध्येच तोडतात असं दिसलं. २००२ साली स्वित्झर्लंडमध्ये उलटं करून पाहिलं. डॉक्टरांना गप्प राहायला सांगितलं, तर रुग्णांचं बोलणं सरासरी ९२ सेकंदांत आपोआप संपलं. म्हणजे दीड मिनिट. गर्दीचं कारण सांगणाऱ्या आम्हा सगळ्यांना हा आकडा टोचायला हवा, कारण निदानाचा मोठा भाग त्या दीड मिनिटात असतो. तपासताना पडदा आहे का, नाजूक तपासणीआधी परवानगी विचारतात का, सोबत कुणी थांबू देतात का, तुमचा आजार बाहेर बसलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुकारला जातो का, हेही याच खात्यात.

या सगळ्यानंतर तुमच्या मूळ प्रश्नावर येतो. लगेच बदलू नका असं मी म्हणेन, आणि त्याला कारण आहे. एकच डॉक्टर दीर्घकाळ असणं ही स्वतःच एक सुरक्षा आहे. नॉर्वेमध्ये ४५ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा १५ वर्षांहून जास्त काळ एकाच डॉक्टरकडे असलेल्यांत, एकाच वर्षाची ओळख असलेल्यांच्या तुलनेत, तातडीने इस्पितळात दाखल होण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे पाव टक्क्याने नव्हे, चांगलं पाव हिश्श्याने कमी दिसलं. अशा अभ्यासातून कार्यकारण पक्कं सिद्ध होत नाही, तरी मला त्यात नवल वाटलं नाही. दहा वर्षं पाहिलेला माणूस दारातून आत येतानाच 'आज काहीतरी वेगळं आहे' हे कळतं. नव्या डॉक्टरला ते कळायला काळ जातो.

म्हणून आधी एक करा, आणि ते याच आठवड्यात करा. वडिलांच्या सगळ्या गोळ्या, मलमं, दुकानातून स्वतः आणलेल्या गोळ्या आणि काढे-चूर्णंसुद्धा, एका पिशवीत भरा. गर्दी कमी असेल त्या वेळी जा. आरोप नको. "ही गोळी सुरू केल्यावर सहाव्या-सातव्या दिवशी सूज आली, बीपीच्या ह्या गोळ्या चालू आहेत, जरा बघता का?" एवढंच म्हणा आणि पिशवी टेबलावर रिकामी करा. मग गप्प बसून पाहा. ते एकेक पाकीट उचलून वाचतायत का, गुडघ्याची गोळी थांबवतायत का, पायावर बोट दाबून सूज बघतायत का, बीपी मोजतायत का, मूत्रपिंड नीट चाललंय का हे कळायला रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायला सांगतायत का, चालू औषधांची यादी केसपेपरवर लिहून घेतायत का. "माझ्याकडून विचारायचं राहिलं" असं म्हणाले तर तुमचा शोध संपला, तिथेच राहा. "अहो, वयाने सूज येतेच" असं म्हणून पिशवीकडे न बघता नवीन चिठ्ठी लिहायला घेतली, तर रिपोर्टच्या आणि जुन्या केसपेपरच्या प्रती मागून घ्या आणि त्या घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जा. मात्र वडिलांना धाप लागत असेल, लघवी कमी झाली असेल किंवा सूज गुडघ्यापर्यंत चढली असेल, तर यातलं काही करत बसू नका. आजच कुठल्याही डॉक्टरला दाखवा, पिशवी मात्र तेव्हाही सोबत असू द्या.